‘गुरुत्वलहरी’ नेमक्या कोणत्या?

शब्दखुणा :
वरच्या वातावरणातील वायुदीप्तीविषयीच्या (म्हणजे रात्री तिथली हवा स्वतःच देते त्या मंद प्रकाशाविषयीच्या) एका लेखाचे मी भाषांतर करत आहे. डोंगरावरून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे किंवा गडगडाटी ढगांमुळे हवेत ज्या लाटा उठतात आणि वर जाऊन या दीप्तीत पट्टे उमटवतात, त्यांना मी ‘गुरुत्वलहरी’ म्हटले. तर संपादकांनी शेजारी हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या लायगो प्रकल्पाची चौकट टाकून दिली. तो प्रकल्प टिपणार त्या, कृष्णविवरांच्या मीलनातून निघणाऱ्या ‘गुरुत्वीय लहरी’ निराळ्या, हे पटवून देताना माझी त्रेधा उडाली. वेगळा शब्द कोणी सुचवील का?

जुना_मास्तर :
शब्द बरोबर आहे, वाचन कच्चे आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदली गेलेली लहर अवकाशकालाची, म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या एकत्र विणीची होती, ती ‘गुरुत्वीय’. हवेतली ती ‘गुरुत्वलहर’. ‘ईय’ हा प्रत्यय शोभेसाठी नसतो.

करवीरकर :
मास्तर, त्या ‘ईय’वर एवढे ओझे टाकू नका. येथे गुरुत्वाचे काम इतकेच, की वर ढकलली गेलेली जड हवा ते खाली ओढते, ती खाली जाऊन पुन्हा उचलली जाते आणि असे हेलकावे सुरू राहतात. पंचगंगेच्या घाटावर पाण्याखालच्या दगडाच्या पुढे पाणी जसे जागच्या जागी वरखाली होते, तसेच डोंगरापलीकडे हवेचे होते. वर हवा विरळ होत जाते, म्हणून वाटेत ऊर्जा खर्ची पडली नाही तर सुमारे ८७ किलोमीटरवर हाच हेलकावा शेकडो पटींनी मोठा झालेला असतो. आमच्या कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून वायुदीप्तीची निरीक्षणे झालेली आहेत, त्यामुळे हा विषय आम्हांला परका नाही. शाळेत ‘प्लावक बल’, म्हणजे बुडालेल्या वस्तूला वर उचलणारे बल, शिकलो होतो; मग ‘प्लावक लहरी’ का नको?

रात्रपाळी :
मला ‘दीप्ती’च खटकते. लडाखमध्ये हानले येथे मी तीस सेकंदांचे छायाचित्र घेतले, तेव्हा पडद्यावर हिरवट पट्टे दिसले. ढग समजून मी भिंग पुसले. पण पट्ट्यांतून तारे स्वच्छ दिसत होते आणि डोळ्यांना मात्र नुसता करडा अंधार. हा हिरवा रंग सुमारे ९७ किलोमीटरवरील ऑक्सिजनच्या अणूंचा, ५५७.७ नॅनोमीटरचा. जी दिसतही नाही तिला दीप्ती म्हणणे म्हणजे काजव्याला मशाल म्हणणे. ‘नभाचा उजेड’ म्हणा.

जुना_मास्तर :
उजेड दिव्याचा असतो. दिवसा सूर्याचे ऊन ऑक्सिजनचे रेणू फोडते आणि ती साठवलेली ऊर्जा रात्री हळूहळू बाहेर पडते, त्याला ‘दीप्ती’च शोभते.

करवीरकर :
शब्दखुणा, आपल्या मसुद्यात ‘लाटेच्या माथ्यावर दीप्ती उजळते’ असे वाक्य आहे, ते तपासून घ्यावे. ८७ किलोमीटरच्या थरात ओझोन आणि हायड्रोजन यांच्या अभिक्रियेतून हायड्रॉक्सिलची (ऑक्सिजन व हायड्रोजनच्या एकेका अणूच्या जोडीची) अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, दीप्ती निर्माण होते. त्या ओझोनसाठी लागणारे ऑक्सिजनचे अणू वरच्या बाजूला अधिक असतात, त्यामुळे लाट हवेला खाली दाबते तेव्हा ते या थरात उतरतात, हवाही दाबली जाऊन तापते, आणि उजळ पट्टा बहुधा तेथे उमटतो. म्हणजे उजेड माथ्याचा नव्हे, खळग्याचा!

शब्दखुणा :
ते वाक्य बदलले, आभारी आहे. ‘प्लावक लहरी’ असे लिहून पाठवले होते, संपादकांनी विचारले, “प्लावक म्हणजे पोहणाऱ्या का?”

रात्रपाळी :
शिवाय ‘लहरी’ म्हटले की मला आमचे काका आठवतात. ‘तरंग’ बरा.

जुना_मास्तर :
‘तरंग’ म्हणजे लाट, आणि त्याच शब्दावरून ‘तरंगणे’. ‘प्लावक तरंग’ लिहिलेत तर तरंगणारे तरंग होतील, आणि संपादक त्याचीही चौकट करतील.