कोकणातील पहिलीचा वर्ग: शाळा सुरू होण्यापूर्वी नेमके काय तयार ठेवावे?

प्रश्न: नवी शिक्षिका, मालवण तालुका

नमस्कार. मी मूळची सोलापूर जिल्ह्यातील असून यंदाच मालवण तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत रुजू झाले आहे. पहिली आणि दुसरी हे दोन्ही वर्ग माझ्याकडे आहेत. अकरा मुले एकाच खोलीत बसतील आणि त्यांपैकी पाच जण पहिलीत नव्याने येत आहेत. शाळा १५ जूनला सुरू होणार आहे, म्हणजे माझ्या हातात जेमतेम आठ दिवस आहेत. सुट्टीत मी वर्णमाला, अंक, फळे, प्राणी असे बावीस तक्ते रंगवले होते. काल ते भिंतींवर चिकटवले आणि आज सकाळी पाहते तो नऊ तक्ते जमिनीवर पडलेले, उरलेल्यांच्या कडा सुटलेल्या. आमच्या गावाकडे या दिवसांत लोक पावसाची वाट पाहत असतात, त्यामुळे ही ओल मला नवी आहे. खोली चिऱ्याची (जांभ्या दगडाची), वर कौले आणि पडवीवर पत्रा आहे. वर्ग सजवावा कसा, आणि सजावटीखेरीज आणखी काय तयार ठेवावे?

उत्तर १: निवृत्त मुख्याध्यापक, देवगड

बाई, तक्ते पडले ते बरेच झाले, असे म्हटले तर राग मानू नये. बावीस तक्ते म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे एकाच वेळी मांडलेला बाजार. त्यात त्याला एकही वस्तू नीट दिसत नाही.

प्रथम खोली पाहा, मुले नंतर. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिम या अंगांच्या भिंती चिऱ्यातून पाणी ओढतात आणि सप्टेंबरपर्यंत दमट राहतात. त्या भिंतींवर काहीही लावू नये, आणि पुस्तकांचे कपाटही त्यांना टेकवू नये. मागच्या बाजूला बुरशी धरते आणि वाळवी लागते ती दिवाळीनंतरच लक्षात येते. कोरड्या राहणाऱ्या भिंतीपुढे, मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर, एक नायलॉनची दोरी ताणून बांधा आणि तक्ते कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी तिला लटकवा. म्हणजे एका वेळी दोनच तक्ते लावता येतील आणि शनिवारी काढून पत्र्याच्या पेटीत ठेवता येतील. उरलेली दोरी रिकामी ठेवा. तिच्यावर पहिल्याच दिवशी मुलांनी काढलेली चित्रे लागू द्या. स्वतःचे चित्र वर्गात टांगलेले पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येण्यास सहसा रडत नाही.

फळ्याला काळा रंग द्यायचा विचार असेल तर तो आता सोडा, कारण या हवेत तो लवकर वाळत नाही आणि ओलसर फळ्यावर खडू उमटत नाही. ते काम मे महिन्याचे, कौले चाळून छप्पर शाकारतानाचे. खडूंचे खोके मात्र आजच घट्ट झाकणाच्या डब्यात रिकामे करा.

दोन गोष्टी नव्या शिक्षकांना कोणी सांगत नाही. पहिली ही, की जोराची सर पत्र्यावर कोसळू लागली की आपला आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही जात नाही. तेवढ्या वेळासाठी न बोलता करता येईल असे हाताचे काम, मातीकाम, ठसेकाम किंवा बिया निवडणे, आधीच काढून ठेवावे. पावसाशी आरडाओरडा करून घसा बसवून घेऊ नये. दुसरी ही, की पहिल्या पावसात वीज जातेच. मुलांना अशा तऱ्हेने बसवा की दाराचा उजेड त्यांच्या डाव्या बाजूने वहीवर पडेल.

आणि दोन महिने गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या हाताने उलगडू नका. बाहेर अंगणात नेऊन लांब काठीने उलगडा. जांभ्याच्या मुलखात फुरसे हा साप फार, जनावर वीतभर असले तरी विषारी असते आणि मातीच्या रंगात दिसतही नाही.

उत्तर २: अंगणवाडी सेविका, वेंगुर्ले तालुका

सरांनी खोलीचे सांगितले, मी मुलांचे सांगते. आपल्या शाळेत येणारी पाच मुले ज्या अंगणवाडीतून येतात तेथे या आठ दिवसांत एकदा जाऊन बसा. कोण डावखुरा आहे, कोणाला लांबचे कमी दिसते, कोण भूक लागली तरी बोलत नाही, हे त्या बाईंना तोंडपाठ असते आणि ते कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नसते.

घरी मालवणी बोलणारे मूल पहिल्या दिवशी ‘माका आवशीकडे जावचा आसा’ (मला आईकडे जायचे आहे) असेच म्हणणार. ते शुद्ध करून घेऊ नये; निदान ‘खंय’ (कुठे), ‘माका’ (मला), ‘भायर’ (बाहेर) एवढे शब्द आपल्याला कळतात हे त्याला दिसू द्यावे. मुले आपल्या सोलापुरी बोलण्याला हसतीलही, त्यांना हसू द्या.

पहिल्या दिवशी आई थांबेल असे गृहीत धरू नका. शेतीच्या घरांत हे दिवस पेरणीचे असतात आणि आई मुलाला दारात सोडून तशीच मळ्यात जाते. उलट यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे खलाशी घरांतले वडील मोकळे असतात. त्यांना तासभर बसायला बोलवा. दोरी बांधण्यापासून कौल सरकवण्यापर्यंत सगळी कामे ते करतात, आणि गाठी तर आपल्यापेक्षा बऱ्या मारतात.

उत्तर ३: शिक्षक, गुहागर

मुख्याध्यापक सरांशी मी एका बाबतीत सहमत नाही. रिकाम्या भिंतींची अंधारी खोली पाहून मूल बिचकते, म्हणून दाराला आंब्याच्या पानांचे तोरण आणि दारासमोरच्या भिंतीवर एक मोठे, ठळक चित्र असावेच. बाकी त्यांचे म्हणणे मान्य.

गणितासाठी विकतचे साहित्य शोधत बसू नका. माडाचे हीर (झावळीच्या पात्यांमधल्या काड्या) सारख्या लांबीचे कापून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या की दशक समजावण्याचे साहित्य तयार होते. मोजण्यासाठी तिसऱ्यांच्या (खाण्याच्या कालवांसारख्या जिवांच्या) शिंपल्या उकळून, धुऊन, सुकवून ठेवाव्यात. काजूच्या बिया मात्र देऊ नयेत. टरफलातील तेलाने कातडी भाजते, आणि पहिलीतले मूल हातातली वस्तू तोंडात घालतेच. मी एकदा ही चूक केली होती आणि मुलाच्या आजीचे बोलणे ऐकून घेतले होते.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे आभार. आज दोरी बांधून झाली. बाकीचे तक्ते पेटीत गेले, प्राण्यांचा एक दारासमोर राहिला. सतरंज्या काठीनेच उलगडल्या. निघाल्या त्या फक्त पाली. उद्या अंगणवाडीत जाणार आहे. एक शंका उरली: अकरा छत्र्यांपैकी बहुतेक काळ्याच असणार, त्या मुलांना ओळखू कशा येतील?

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापक, देवगड

प्रत्येक छत्रीच्या मुठीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधा आणि पडवीतील खिळ्यालाही त्याच रंगाची. नाव वाचता येण्याआधी मूल स्वतःची जागा अशीच शोधते. खिळे मात्र आतल्या बाजूला मारा, पत्र्याच्या पागोळीखाली नव्हे.