मदत हवी आहे: जर्मनीत जर्मन माध्यमातून मेकॅनिकल करायचंय, भाषा नेमकी किती लागेल?

पंचगंगा

नमस्कार मंडळी. आतापर्यंत नुसती वाचत होते, पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरची. महाराष्ट्र बोर्डातून बारावी सायन्स झाली, ग्रुप पीसीएम. सीईटीला बरे मार्क होते, पण इथे प्रवेश न घेता एक वर्ष काढून पुण्यात जर्मन शिकायचं ठरवलं. बी१ पातळी झाली, त्यापुढच्या बी२ चा वर्ग चालू आहे (सी१ त्याच्याही पुढची). जर्मनीत सरकारी विद्यापीठात माशिनेनबाऊ (मेकॅनिकल इंजिनिअरिंग) करायचंय, तेही जर्मनमधून. इंग्रजीतल्या बॅचलर पदव्या तिकडे कमी आहेत आणि राहायचं तिथेच तर भाषा टाळून काय उपयोग, असं माझं मत. जेईई ॲडव्हान्स्ड दिलेली नाही, त्यामुळे थेट प्रवेश नाही, आधी श्टूडिएनकोलेग (परदेशी मुलांसाठीचा विद्यापीठपूर्व वर्ग) करावं लागेल, इतपत कळलंय.

क्लासमधल्या निम्म्या मुली म्हणतात, सी१ करूनच जा. आमच्या ओळखीतला एक एजंट म्हणतो, बी१ वर पाठवतो, खासगी कोलेगमध्ये सीट पक्की. पप्पा म्हणतात, आधी खर्चाचा आकडा सांग. शिरोली एमआयडीसीत त्यांचं जॉबवर्कचं छोटं शेड आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. त्यामुळे सगळा हिशोब नीट मांडून दाखवावा लागणार.

खरी भीती वेगळीच आहे. बी२ च्या पुस्तकातलं ऐकणं मला जमतं. पण परवा यूट्यूबवर एका जर्मन विद्यापीठाचं मेकॅनिक्सचं लेक्चर लावलं आणि दहा मिनिटांत बंद केलं. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, वर्षभरात काय करू?

एल्बेकाठी

मी याच वाटेने आलो. कोथेनच्या श्टूडिएनकोलेगला टी-कुर्स (तांत्रिक शाखेचा वर्ग) केला, आता ड्रेस्डेनला माशिनेनबाऊ. (अवांतर: ड्रेस्डेनला यात अजून जुनी डिप्लोम पदवी मिळते, दहा सेमेस्टरची.)

सी१ चं प्रमाणपत्र तुला आत्ता लागत नाही. जे थेट विद्यापीठात जातात त्यांना टेस्टडाफ या भाषा परीक्षेत चारही भागांत टीडीएन ४ ही श्रेणी किंवा डीएसएच या विद्यापीठांच्या भाषा परीक्षेत डीएसएच-२ लागतं. कोलेगसाठी बी१-बी२ मागतात, कुठे काय ते त्या त्या कोलेगच्या पानावर बघ. दोन सेमेस्टरनंतर कोलेगची जी शेवटची परीक्षा, फेस्टश्टेलुंग्सप्रूफुंग, होते तिच्यात जर्मनचा पेपर असतोच, आणि बऱ्याच विद्यापीठांना भाषेचा पुरावा म्हणून तो चालतो. म्हणजे पुण्यात सी१ परीक्षेसाठी ऊर फुटेस्तोवर धावण्यात अर्थ नाही.

तुझी पहिली खिंड वेगळी आहे: कोलेगची प्रवेश परीक्षा. सरकारी कोलेगला शिकवणीची फी नसते, फक्त सेमेस्टरचं शुल्क, त्यामुळे गर्दी मरणाची. परीक्षेत जर्मन आणि गणित. जर्मनला बहुतेक ठिकाणी सी-टेस्ट असते. उताऱ्यातल्या शब्दांचा मागचा अर्धा भाग खोडलेला, तो तू भरायचा. अर्थ कळून भागत नाही, शेवटचं अक्षरसुद्धा बरोबर हवं. डेर-डी-दास (नामाच्या लिंगाप्रमाणे लागणारी उपपदं) आणि विभक्तीप्रत्यय ज्याचे कच्चे त्याची तिथे दांडी उडते. रोज एक सी-टेस्ट सोडव, जुने नमुने बऱ्याच कोलेगच्या साइटवर फुकट आहेत.

गणिताला आपले लोक हसतात आणि तिथेच आपटतात. इंटिग्रेशन वगैरेचा धाक नसतो. अपूर्णांकांच्या राशी, घातांक, लॉगॅरिदम, असमीकरणं, फलनांचे आलेख, सगळं आपलं नववी ते अकरावीचं. पण बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलेटर नाही, वेळ कमी, आणि शाब्दिक उदाहरणं जर्मनमध्ये. शिवाय तिकडे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. जर्मन कागदावर ११.९०४ दिसलं की ते अकरा हजार असतं, अकरा पूर्णांक नव्हे. पप्पांना हिशोब दाखवताना हे लक्षात ठेव, नाहीतर उगाच खूश होतील.

जर्मनवाली_बाई

पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते, म्हणून थोडं.

एल्बेकाठी यांच्याशी सहमत, पण एक भर. बी२ ची गोएथे-इन्स्टिट्यूटची परीक्षा मॉड्यूलमध्ये देता येते. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, जे राहील तेवढंच पुन्हा. २०२४ पासून सी१ चंही तसंच झालंय. तेव्हा बी२ चे चारही भाग व्यवस्थित पूर्ण कर, आणि मग परीक्षेचा ताण न घेता सी१ चा वर्ग जमेल तेवढा चालू ठेव. मुली बी२ झालं की वर्ग सोडतात आणि व्हिसा होईपर्यंतच्या महिन्यांत अर्धं विसरतात. हे दर वर्षी बघते.

आणि तो एजंट. बी१ वर सीट पक्की म्हणतो तेव्हा दोन गोष्टी लेखी विचार. ते कोलेग राज्यमान्य आहे का? नसेल तर शेवटची परीक्षा बाहेरून, दुसऱ्या ठिकाणी जाऊन द्यावी लागते, वर्षभराची फी भरून वर ही अनिश्चितता. आणि ती परीक्षा सगळ्या विद्यापीठांना चालते की फक्त फाखहोखशूलेला (उपयोजित शिक्षण देणाऱ्या संस्थांना)? या दोन प्रश्नांवर उत्तर गुळमुळीत आलं तर नमस्कार करून उठ.

श्टुटगार्टकर

खर्चाचं मी सांगतो, कारण माझ्या बाबांनीही हेच विचारलं होतं.

एपीएस: २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी सक्तीचं, १८,००० रुपये. दहावी-बारावीची कागदपत्रं तपासून दिल्लीहून प्रमाणपत्र येतं. बी२ च्या निकालाची वाट न बघता आत्ता अर्ज टाक, त्याचा भाषेशी संबंध नाही.

उनी-असिस्ट (विद्यापीठांच्या वतीने अर्ज तपासणारी संस्था): एका सत्रात पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची नेहमीची शेवटची तारीख १५ जुलै, पण काही कोलेग एप्रिलमध्येच दार लावतात. १५ जुलै डोक्यात धरून बसू नकोस.

श्पेरकोन्टो (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच ठेवायचं बंद खातं): सध्या वर्षाला ११,९०४ युरो. युरो शंभर रुपये धरला तर बारा लाखांच्या घरात. पप्पांना सांग की ही फी नव्हे. पैसे तुझ्याच नावावर राहतात आणि तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो तुझ्या हातात येतात, त्यातच खोली, विमा, जेवण. काम वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. पण कोलेगच्या वर्षात कामाच्या भरवशावर बजेट मांडू नका, आठवड्याला तीसच्या आसपास तास वर्ग असतात.

फी: सरकारी विद्यापीठात साधारण नाही, मात्र बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सेमेस्टरला १,५०० युरो आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून लावली, ती याहून जास्त. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पण त्या नात्याने मला एक पैसा माफ झाला नाही.

बाकी भाषेबाबत माझं मत थोडं वेगळं. प्रमाणपत्र नको हे खरं, पण इथे श्वाबेन लोक (या भागातले स्थानिक) आपल्या बोलीत जे बोलतात ते ऐकून बी२ वाल्याला वाटतं आपण चुकीच्या देशात उतरलो. सी१ चा वर्ग पूर्ण करूनच ये.

एल्बेकाठी

श्वाबेनची भीती तिला आत्ता कशाला? प्रोफेसर लेक्चर हॉखडॉईचमध्येच (प्रमाण जर्मनमध्येच) देतात, फार तर हेल थोडा वेगळा.

तू लेक्चर दहा मिनिटांत बंद केलंस ते स्वाभाविक आहे. बी२ च्या पुस्तकात पर्यावरण, सोशल मीडिया, घरभाडं. बल, आघूर्ण, अवकलन यांचा एक शब्द नाही. मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. तिकडच्या अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक मिळव आणि जो धडा तुला मराठीत किंवा इंग्रजीत तोंडपाठ आहे तोच जर्मनमधून वाच. न्यूटनचे नियम तुला नव्याने कळायचे नाहीत, त्यामुळे सगळं लक्ष वाक्यावर राहतं. मग त्याच धड्यावरचा शाळकरी मुलांसाठीचा व्हिडिओ, आणि त्यानंतर लेक्चर. आणि फळ्यावरची समीकरणं मोठ्याने जर्मनमध्ये वाचायची सवय लाव. वर्गमूळ, छेद, घात, 'क्ष वजा दोन कंसाचा वर्ग', हे तोंडातून निघालं पाहिजे. ट्यूटोरियममध्ये (उदाहरणं सोडवण्याच्या छोट्या वर्गात) फळ्यापाशी उभं करतात.

विद्यापीठात गेल्यावरचं एक आत्ताच सांगून ठेवतो, आपल्याकडच्या कॉलेजच्या सवयीने घात होतो. वर्गात हजेरी कुणी घेत नाही, पण परीक्षेला पोर्टलवर स्वतः नाव नोंदवावं लागतं. गणितात बऱ्याच ठिकाणी दर आठवड्याच्या उदाहरणांत ठरावीक गुण असल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. आणि एका विषयाला साधारण तीन प्रयत्न. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कटतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. आपल्यासारखी एटीकेटी नाही. सप्टेंबरमध्ये गणिताचा फोरकुर्स (सत्राआधीचा तयारीचा वर्ग) असतो, ऐच्छिक म्हणतात, पण तू सक्तीचा समज.

टर्नर_काका

पोरी, सगळे भाषेचं बोलतायत, एक मुद्दा राहिला. माझा पुतण्या हेच शिकतोय म्हणून माहिती. माशिनेनबाऊला पुष्कळ विद्यापीठं फोरप्राक्टिकुम मागतात, काही आठवड्यांचं वर्कशॉपचं काम. फायलिंग, टर्निंग, मिलिंग, वेल्डिंग, ओतकाम. तू शिरोलीची, अख्खं फाउंड्रीचं गाव शेजारी. यंदाच करून टाक, तिकडे जागा शोधत हिंडावं लागणार नाही.

पंचगंगा

सगळ्यांना खूप धन्यवाद! इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. एपीएसचा अर्ज या आठवड्यात भरते, एजंटला ते दोन प्रश्न पाठवलेत. सी१ चा वर्ग लावणार, परीक्षा नाही. एल्बेकाठी दादा, पुस्तकाचं नाव व्यनि करशील का?

काका, पप्पांच्या शेडमध्येच केलं तर? लेथ तर मला थोडाफार चालवता येतोच.

टर्नर_काका

तिथेच गोची आहे. बऱ्याच विद्यापीठांच्या नियमावलीत आईवडिलांच्या कारखान्यातलं काम धरत नाहीत. पप्पांच्या ओळखीने शेजारच्या फाउंड्रीत लाग, त्यांना सांगून तीन-चार विभागांत फिरव म्हणावं. ज्या विद्यापीठांचा विचार आहे त्यांची प्राक्टिकुमची नियमावली आधी उतरवून घे, आठवडे आणि कामांची यादी प्रत्येकाची वेगळी असते. रोज काय केलं ते जर्मनमध्ये लिही, सोबत हाताने काढलेलं ड्रॉइंग. दर आठवड्याच्या पानावर सुपरवायझरची सही आणि कंपनीचा शिक्का तेव्हाच घे, नंतर घेऊ म्हटलंस तर तो सुपरवायझर नोकरी बदलून गेलेला असतो.

जर्मनवाली_बाई

तो रोजचा अहवाल मला पाठवत जा. तपासून देईन, फी नको.