मदत हवी आहे: ६,००० रुपयांत महिन्याचं पौष्टिक सामान कसं बसवायचं?

निशिगंध_०७
परवा पगार आहे, त्याआधी यादी करायची आहे, म्हणून जरा लवकर सांगा. किराणा, भाजी, दूध सगळं धरून ६,००० च्या वर जाता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, पौष्टिक खायला द्या. नेटवर बघितलं तर बदाम, किनोआ, ब्रोकोली, अव्हॅकाडो. हे रोज कुठून आणायचं? नेमकं काय आणू आणि काय बंद करू, तेवढंच सांगा.

बोरमाळ
घरात माणसं किती? अंडी-मासे चालतात का? आणि डॉक्टरांनी कोणासाठी सांगितलंय?

रानमेवा
सगळ्यात आधी रिफाइंड तेल बंद करा. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणा. आमच्याकडे तेल बदलल्यापासून सासूबाईंचे गुडघे कितीतरी हलके झालेत. तेल चांगलं नसेल तर बाकीच्या खाण्याचा उपयोग नाही.

तिखटमीठ
रानमेवा, आमच्या इथे घाण्याचं तेल तीनशेच्या वर आहे लिटरला. त्यांचं बजेट सहा हजार आहे, वाचलंत ना? तेल कोणतंही असू दे, चार माणसांना महिन्याला तीन लिटर पुरे. उरलेल्या पैशांची डाळ आणा.

कट्टेकरी
रात्रीचा भात बंद, साखर बंद, सातच्या आत जेवण. माझं वजन आठ किलो उतरलं. एक पैसा जास्त लागत नाही.

निशिगंध_०७
वजन कमी नाही करायचंय हो, मुलीचं तर वाढायला हवंय. चौघं आहोत. मुलगी १३ ची, मुलगा ८ चा. मुलीचं हिमोग्लोबिन ९.८ आलंय. अंडी चालतात, मटण परवडत नाही. राहायला चिखलीत, पिंपरी-चिंचवड. आता तरी यादी सांगा.

बोरमाळ
अहो, हे ९.८ पहिल्याच ओळीत हवं होतं! लोहाच्या गोळ्या दिल्यात का डॉक्टरांनी?

निशिगंध_०७
दिल्यात. तिला मळमळतं म्हणून दुधाबरोबर देते. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते तीही घेते.

सुईणबाई
मी आरोग्यसेविका म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी केली, आता निवृत्त आहे. निशिगंध, नीट वाच.

पहिलं म्हणजे गोळी दुधाबरोबर देऊ नकोस. दुधातलं कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर दे. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर जेवल्यानंतर दे. शाळेतली निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते, ९.८ ला तेवढ्याने भागणार नाही. डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेव आणि शाळेतली सोबत घ्यायची का, ते त्यांनाच विचार. खाण्याने हे दुखणं परत येणार नाही, पण आत्ता जे कमी झालंय ते भरून काढायला गोळीच लागेल.

दुसरं, ती चहा कधी पिते? पोळीबरोबर असेल तर आजपासून बंद कर. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. कितीही पालक खाऊ घाल, वर चहा प्यायला की त्यातलं बरंचसं लोह वाया.

तिसरं, दूध किती घेता आणि ते जातं कशात, ते सांग.

निशिगंध_०७
दूध रोज एक लिटर. बहुतेक चहातच जातं, आमचा चारदा होतो. मुलांना चॉकलेटची पावडर घालून देते. हो, ती सकाळी चहा-पोळीच खाऊन जाते शाळेत.

सुईणबाई
मग पैसे कुठे अडकलेत ते बघ. लिटर दूध म्हणजे महिन्याला अठराशेच्या आसपास. अर्धा लिटर कर आणि ते मुलांच्या पोटात जाऊ दे, दही लावलंस तर आणखी बरं. ती पावडर म्हणजे मुख्यतः साखर. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून दाखवू नका. किलोच्या डब्याच्या पैशांत पन्नास-साठ अंडी येतात.

आता आणायचं काय ते. तूर कमी कर, मसूर आणि हरभरा डाळ वाढव, दोन्ही स्वस्त पडतात. मटकी, मसूर, हरभरे आण आणि मोड आणून कर. शेंगदाणे सुटे घे, शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, बदामाहून काकणभर जास्तच. नाचणी किलोभर दळून आण, कॅल्शियमला तिच्या जवळपास दुसरं धान्य नाही. आठवड्यातून एकदा चिकनची कलेजी पाव किलो, मटणापेक्षा पुष्कळ स्वस्त आणि लोह भरपूर. पालेभाजी रोज एक जुडी: मेथी, माठ, चाकवत, जी स्वस्त असेल ती. मुळ्याचा पाला टाकू नका. फ्लॉवरवाला पाला तोडून फेकतो तो मागून घे, फुकट देतात. ताटात लिंबू वरून पिळायचं, शिजवताना घातलं तर क जीवनसत्त्व कमी होतं.

रानमेवा
गूळ राहिला! साखरेऐवजी गूळ दिला की रक्त वाढतं. सेंद्रिय, काळसर असेल तोच घ्या.

तिखटमीठ
गुळाने रक्त वाढायला रोज जेवढा खावा लागेल तेवढा कोणी खाऊ शकत नाही. शेंगदाण्याच्या लाडवात घालायला साधा गूळ चांगला. सेंद्रिय गुळाच्या भावात अंडी येतील.

रानमेवा
आमच्या आजीच्या काळात कोणाला गोळ्या लागत नव्हत्या.

सुईणबाई
लागत होत्या बाई, मिळत नव्हत्या. बाळंतपणात रक्त कमी म्हणून दगावलेल्या बायका मी पाहिल्यात. यावर वाद नको.

बोरमाळ
भाजीसाठी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जा. मी रविवारी जाऊन आठवड्याची आणते, निम्म्या भावात.

कट्टेकरी
चिखलीहून गुलटेकडी वीसेक किलोमीटर आहे, जायला-यायला किती पैसे आणि वेळ जाईल? मोशीचा उपबाजार त्यांना जवळ आहे. तिथे माल घाऊक मिळतो, म्हणून शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून घ्यायचा. आम्ही कांदे, बटाटे, लसूण तसेच आणतो. पालेभाजी मात्र घराजवळ संध्याकाळी उशिरा घ्या, बाजार उठताना एका जुडीच्या भावात दोन देतात.

बोरमाळ
संध्याकाळची सुकलेली पालेभाजी लेकराला द्यायची?

कट्टेकरी
सकाळी आणून दोन दिवस घरात ठेवलेली सुकत नाही का? आणली की लगेच निवडून शिजवायची.

तिखटमीठ
निशिगंध, रेशनचं कोणी विचारलंच नाही. कार्ड आहे का?

निशिगंध_०७
केशरी आहे, पण गावचं, जालना जिल्ह्यातलं. सासऱ्यांच्या नावावर. त्यात आमची चौघांची नावं आहेत. इथे चालत नाही ना?

तिखटमीठ
चालतं! कार्ड ‘प्राधान्य कुटुंब’ योजनेत असेल तर माणशी ५ किलो धान्य फुकट आहे, जानेवारी २०२३ पासून. चौघांचं २० किलो. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे ते चिखलीतल्या रास्त भाव दुकानात अंगठा देऊन घेता येतं आणि सासू-सासऱ्यांचं त्यांना गावी घेता येतं. फक्त सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, झालेली हवी. केशरीमध्ये सगळेच या योजनेत नसतात, म्हणून आधी कार्डाचा १२ अंकी नंबर घेऊन दुकानात विचारा. दुकानदाराने टाळाटाळ केली तर हेल्पलाइन १९६७.

रानमेवा
रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात म्हणतात. आमच्या कामवाल्या ताई निवडून टाकतात.

सुईणबाई
प्लास्टिक नाही ते. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून बनवलेले दाणे आहेत, शंभर किलोला एक किलो असे मिसळलेले. वेगळे दिसतात, कधी पाण्यावर तरंगतात. ते निवडायचे नाहीत. कृपा करून ताईंना सांगा.

पाककट्टा
अळिवाचे लाडू करा! पाव किलो अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, दोन नारळ खवून, अर्धा किलो गूळ, जायफळ. माझी कृती सविस्तर टाकू का?

तिखटमीठ
दोन नारळांचे आत्ता किती होतात?

निशिगंध_०७
रेशनच्या दुकानात हे जाऊन आले. योजनेत आहे कार्ड, मुलाची ई-केवायसी बाकी आहे, ती उद्या करतोय. यादी केली: मसूर २ किलो, हरभरा डाळ १, तूर १, मटकी आणि हरभरे एकेक, शेंगदाणे १, नाचणी १, अंडी दोन ट्रे. पावडर काढली, दूध अर्धा लिटर. बिस्किटंही काढली. कलेजीसाठी वेगळे ठेवलेत. धान्य मिळालं तर सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आत बसतंय. पण चहा तोडल्यावर लेक सकाळी सातला काहीच खाऊन जात नाही, आणि मला साडेसहाला कामावर निघावं लागतं. आदल्या रात्री काय करून ठेवू?

सुईणबाई
अंडी रात्रीच उकडून ठेव, न सोलता. पोळीत दाण्याची चटणी भरून गुंडाळी. आणि अर्धं लिंबू कापून झाकून.

बोरमाळ
नाचणीचं आंबील पण रात्री करून ठेवता येतं. फ्रिज आहे ना तुमच्याकडे?