दुष्काळी वर्षात द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलमध्येच करावी की लांबवावी?

मूळ मांडणी : तासगावच्या पूर्व भागातून

द्राक्षाचे फळ उतरल्यावर वेल मागे छाटून नवी फूट घ्यायची, ती खरड छाटणी एप्रिलमध्ये उरकण्याची आपली रीत पाणी हाताशी असेल तेव्हाची आहे. ज्या वर्षी विहिरी मार्चमध्येच तळ गाठतात, त्या वर्षी ती बाजूला ठेवून जूनच्या पावसाची वाट पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नऊ बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी 968 वेली बसतात. वेलीला दिवसाला 10 लिटर धरले, तरी दहा हजार लिटरचा एक टँकर एका एकराला रोज लागतो. फळ उतरलेली वेल जीव धरण्यापुरत्या पाण्यावर तग धरते. छाटणी केल्यावर मात्र येणारी कोवळी फूट एक दिवसही थांबत नाही. शिवाय पारा 40 अंशांच्या वर असताना छाटलेल्या बागेत ओलांडा, म्हणजे वेलीची तारेवरची आडवी फांदी, उघडा पडतो, त्याची साल भाजते आणि डोळे मागेपुढे फुटतात. विकतच्या पाण्यावर अशी विषम फूट जगवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

प्रतिसाद : मिरज तालुक्यातून

टँकरचा हिशेब बरोबर आहे, पण तो फक्त उन्हाळ्यापुरता आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर जो घड आपल्याला दिसतो, तो खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत काडीच्या डोळ्यात घडलेला असतो, आणि या सूक्ष्म घडनिर्मितीला ऊब व भरपूर सूर्यप्रकाश लागतो. एप्रिलच्या छाटणीला हा काळ मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला मिळतो. जूनमध्ये छाटणी केली, तर तोच काळ जुलै-ऑगस्टच्या ढगाळ हवेत जातो, घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता ताणा, तयार होते, आणि काडी पिकून टणक व्हायलाही पुरेसे दिवस उरत नाहीत. एका दुष्काळी वर्षी मीही छाटणी अशीच लांबवली होती. त्या ऑक्टोबरमध्ये फूट उत्तम आली, पण ओळीच्या ओळी पाहिल्या तरी घड मोजकेच होते. औषधांचा आणि मजुरीचा खर्च मात्र पूर्ण बागेचा झाला. उन्हाळ्यात वाचवलेले पाणी असे वर्षभर महागात पडते.

म्हणून पाणी जितके आहे तितक्याच क्षेत्राची छाटणी वेळेवर करावी आणि उरलेली बाग केवळ जगवावी. छाटलेल्या बागेत ओळीला उसाच्या पाचटाचे जाड आच्छादन द्यावे, ठिबक पहाटे किंवा रात्री चालवावे, फुटी लवकर विरळ कराव्यात, आणि ओलांड्यावर दुपारी सावली राहील अशी जुनी शेडनेट बांधावी. पाचट जाळणाऱ्या ऊसकऱ्यांकडून ते उचलून आणले, तर वाहतुकीपलीकडे फारसा खर्च येत नाही.

प्रतिसाद : जत तालुक्यातून

निम्मी बाग सोडून देण्याचा सल्ला ज्याच्याकडे चार एकर आहेत त्याला परवडतो. ज्याच्याकडे एकच एकर आहे आणि पीककर्जही त्याच एकरावर आहे, त्याने अर्धे उत्पन्न सोडून हप्ता कशातून भरावा?

आपण दोघेही देण्याच्या पाण्याचा हिशेब करता, उडून जाणाऱ्या पाण्याचा करत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. तीस बाय तीस मीटरच्या शेततळ्याचा पृष्ठभाग 900 चौरस मीटर भरतो. एप्रिल-मेच्या झळांत रोज 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर दिवसाला 7,200 लिटर पाणी हवेत जाते, म्हणजे मूळ मांडणीतल्या टँकरचा बहुतांश भाग. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, मिळाले की तळे भरायचे आणि उघडे ठेवायचे, हा आपला दोष आहे. तळ्यावर शेडनेट ताणून घेतली, तर छाटणी लांबवावी की बाग निम्मी सोडावी, हा पेच बऱ्याच बागांत इतका तीव्र राहणार नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

मिरजकरांचा ढगाळ हवेचा मुद्दा मी कमी लेखला होता, हे मान्य करतो. जूनपर्यंत थांबण्याचे मत मी मागे घेतो. परंतु पाण्याची सोय नसताना एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच छाटणी करण्याचा आग्रह मला अजूनही पटत नाही, कारण नुकतीच फुटलेली बाग पाण्याविना करपली तर घडाबरोबर ओलांडाही जातो, आणि तो पुन्हा तयार करण्यात अख्खा हंगाम जातो. यंदा एप्रिलअखेर छाटणी करून पाचट टाकणार आहे. जतच्या बागायतदारांनी एवढे सांगावे की, एवढ्या रुंद तळ्यावर ताणलेली नेट वळवाच्या वाऱ्यात टिकावी म्हणून मधले आधार ते कसे देतात?