तीन बोचकी जुने बाळकपडे, एकाचंही माप लेबलाशी जुळेना. कसं लावू?

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर नाहीतर गेज. त्यामुळं मापाच्या बाबतीत आपल्याला कोणी गंडवू शकत नाही असा माझा समज होता. तो परवा रात्री गेला.

बायको सातव्यात माहेरी गेलीय, गडहिंग्लजला. तारीख जुलैच्या मध्याची आहे. आमच्या आक्कानं सांगलीहून तिच्या दोन पोरांचे कपडे पाठवलेत, तीन बोचकी भरून. आईचा नियम असा की बाळ यायच्या आधी घरात नवीन सूतसुद्धा आणायचं नाही, बारशापर्यंत जुनंच अंगावर. माझी काही हरकत नाही, खिशालाही बरं. बायकोचा फोनवर हुकूम झाला, "नीट वेगळं करून पुढच्या रविवारी घेऊन या."

चटईवर सगळं ओतलं. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, दोन कुंच्या, लाळेरी, आणि पायमोजे, ज्यातल्या एकाचाही जोडीदार सापडेना. बोचकं सोडल्यासोडल्या डांबर गोळ्यांचा असा भपकारा आला की आई स्वयंपाकघरातून शिंकली. असो. म्हटलं लेबल बघून ढीग करू: 0 ते 3 महिने, 3 ते 6, 6 ते 12. पहिल्याच ढिगात घोळ. 0 ते 3 लिहिलेली तीन झबली एकमेकांवर ठेवली आणि स्टीलची पट्टी लावली. खांद्यापासून खालच्या शिवणीपर्यंत 31, 35 आणि 38 सेंटीमीटर! असला लॉट आमच्याकडं आला असता तर टेम्पो गेटवरूनच माघारी गेला असता.

निम्म्या कपड्यांची लेबलं धुऊन धुऊन कोरी झालीत. गांधीनगरातून घेतलेल्या काहींवर नुसतंच 62 नाहीतर 68 छापलंय. हे 62 म्हणजे काय? इंच नसणार, महिने तर नक्कीच नाहीत. माझा विचार आहे की लेबलं सोडून द्यायची आणि छातीच्या मापावर ढीग करायचे. बरोबर आहे का? आणि यातलं ठेवायचं किती? स्वेटरच सात निघालेत.

शिवणवाली मावशी

दादा, मंगळवार पेठेत गेली बावीस वर्षं झबली शिवतेय, म्हणून सांगते. तुझं बाळ म्हणजे मशीनवरचा जॉब नव्हे, ते रोज माप बदलणार.

आधी ते 62. ती बाळाची उंची, टाळूपासून टाचेपर्यंत, सेंटीमीटरमध्ये. जन्मताना बाळ साधारण 50 भरतं, तिसऱ्या महिन्यात 60 च्या आसपास, सहाव्यात 66 ते 68, वर्षाचं झालं की 75. म्हणजे 62 चा कपडा तिसरा महिना सरेपर्यंत, 68 चा सहाव्यापर्यंत. महिन्यांचं लेबल प्रत्येक कंपनी आपल्या मनानं लावते, हा उंचीचा आकडा त्यातल्या त्यात खरा. तुझ्या तीन झबल्यांचं म्हणशील तर होजिअरी धुऊन धुऊन उभ्यात आटते आणि आडवी पसरते. 31 वालं कदाचित नवं असताना 35 च असेल.

आता छाती. छातीवर ढीग करू नकोस. तान्ह्या बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं. डोक्याचा घेर 34-35 आणि छाती त्याहून दोनेक सेंटीमीटर कमी. अंगात बसणारा कपडा डोक्यातूनच जाणार नाही, आणि मान न धरलेल्या बाळाच्या डोक्यातून ओढाताण करायची म्हणजे नवी आई रडकुंडीला येते. म्हणून आधी गळा बघ. गळा ताणून टेप लाव, 36-37 च्या वर सहज जायला पाहिजे. खांद्यावर एकावर एक घडी असलेला गळा चांगला, घाण झाली तर तो कपडा पायाकडूनही उतरवता येतो. पहिल्या दीड महिन्याला तर समोरून उघडणारी, बाजूला नाडी बांधायची झबलीच काढून ठेव. नाडी वीतभर लांब असेल तर काप. चार बोटं पुरे.

नाळ पडायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर कमरेला घट्ट इलास्टिक असलेलं काही नको. ते वरच्या ढिगात टाक.

फुलेवाडीची सून

माझी मुलगी मागच्या जुलैतली. पंचगंगेचं पाणी वर चढत होतं आणि आमच्या घरात लंगोटांचा पूर आला होता 😅 एक गोष्ट सांगते, झबली नका मोजू, बाळोती मोजा. झबली आठ-दहा पुरतात. लंगोट आणि बाळोती मिळून तीसच्या खाली असतील तर पावसात तुमचं काही खरं नाही. जाड दुपटी वाळायला दोन दिवस घेतात, त्यामुळे पातळ मलमलची जास्त ठेवा. जुन्या सुती साडीची बाळोती सगळ्यात लवकर वाळतात. आजेसासूबाईंचं नऊवारी आम्ही त्यासाठीच फाडलं. आणि स्वेटर लेबलावर नाही, कॅलेंडरवर लावा. बाळ जुलैचं, म्हणजे थंडी पडेल तेव्हा पाच-सहा महिन्यांचं. छोटे स्वेटर आक्कांना परत करा, 68 च्या पुढचे दोन ठेवा. बोरन्हाणाचं काळं झबलंही त्याच मापाचं लागेल.

पापाची तिकटी

सात स्वेटर? बाळ महाबळेश्वरला जन्मणार आहे काय भावा?

सिस्टर, निवृत्त

माप वगैरे सगळं ठीक. पण डांबर गोळ्यांचा भपकारा आला हे तुम्ही "असो" म्हणून सोडून दिलंत, आणि माझं वाचन तिथंच थांबलं.

त्या गोळ्या बहुतेक नॅफ्थॅलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. ते वरून ओळखू येत नाही, घरात कुणाला माहीतही नसतं. अशा बाळाला गोळ्यांत ठेवलेले कपडे तसेच घातले, दुपट्यात गुंडाळलं, तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते. ती मेंदूपर्यंत पोचू शकते. आपल्याकडं बाळाला रोज तेल लावतात, आणि तेलकट अंगातून हे द्रव्य जास्त शोषलं जातं. प्रसूती कक्षात तीस वर्षं काढली आहेत, घाबरवायला सांगत नाही. करायचं सोपं आहे.

मृग निघायला अजून आठ-दहा दिवस आहेत. ऊन आहे तोवर सगळं गच्चीवर पसरा, दोन दिवस उलटंपालटं करून. मग गरम पाण्यात साध्या साबणानं धुवा, परत उन्हात. नाकाला लावून वास आला तर पुन्हा तेच. सुती कपड्याचा वास जातो. लोकर आणि नायलॉनचा गेला नाही तर तो कपडा बाळाला नको. परत भरून ठेवताना कडुलिंबाचा पाला किंवा वेखंड ठेवा. सुती कपड्याला तशीही कसर लागत नाही, ती लागते लोकरीला आणि रेशमाला.

हातमोजे-पायमोजे उलटे करून आतले सुटे धागे कापा. धागा बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. टिकल्या, हललेली बटणं काढून टाका. दुपट्यात बांधताना पाय सरळ ओढून आवळू नका, बेडकासारखे दुमडलेले राहू देत. खुब्याचा सांधा अजून कच्चा असतो. आणि स्वेटर-टोपडी किती चढवायची याचं एकच माप, मानेमागं हात लावून बघा. घाम असेल तर एक थर काढा.

उद्यमनगरी

सिस्टर, वाचल्यावर त्या रात्री झोप आली नाही. सकाळी कामावर जायच्या आधी सगळं गच्चीवर. शेजारच्या काकूंनी विचारलं, "दुकान काढलंस काय रे?" दोन दिवस ऊन, मग धुणं, मग परत ऊन. आई म्हणत होती की बाळाच्या आधी बाळाचे कपडे दोरीवर दिसू नयेत. तिला सिस्टरांचं सगळं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण दुपारी वळवाचं आभाळ आलं तेव्हा गुडघे धरत तीच वर जाऊन कपडे काढून आली.

मावशी, गळ्यासाठी गेज केला. पुठ्ठ्याची 36 सेंटीमीटर घेराची चकती. गळ्यातून सहज गेली तर पास, अडकली तर रिजेक्ट. एकूण 43 कपड्यांत 11 रिजेक्ट, त्यातले 4 छातीनं अगदी बरोबर होते. म्हणजे माझ्या पद्धतीनं गेलो असतो तर ते चारही गडहिंग्लजला पोचले असते. इलास्टिकवाले वेगळे, मोजे उलटे करून झाले. एका मोज्यातून वीतभर धागा निघाला.

मग चार पिशव्या केल्या आणि वर मार्करनं 56, 62, 68, 74 लिहिलं. व्हिडिओ कॉलवर मोठ्या अभिमानानं दाखवलं. बायको म्हणाली, "ते आकडे तुमच्या कंपनीत. इथं आईला कळेल असं लिहा." आता पिशव्यांवर आहे: नाळ पडेपर्यंत, दिवाळीपर्यंत, संक्रांतीपर्यंत, उन्हाळा.

एकच अडलंय. स्वेटरांतले सहा निकालात निघाले. सातवा पिवळा, 68 च्या मापाचा, आक्कानं स्वतः विणलेला, तिच्या थोरल्यासाठी. तीनदा धुतला तरी वास जात नाही. तिला काय सांगू?

शिवणवाली मावशी

आहे ते सांग. विणणाऱ्या बाईला वाईट वाटतं ते कपडा न घातल्याचं नाही, खोटं सांगितल्याचं.

उद्यमनगरी

केला फोन. आक्का हसायलाच लागली. म्हणाली, "टाक तो. माझा पहिलाच होता, डावी बाही आखूड झालीय, नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही."

मापून बघितलं. दीड सेंटीमीटर.