म्हणे ब्रँडिस नसता तर रान उरलं नसतं!

डोंगरवाट: काल इथे एक पोस्ट पडली, "ब्रँडिस आला म्हणून हिंदुस्थानात जंगल शिल्लक राहिलं, नाहीतर आपल्या लोकांनी चुलीत घातलं असतं". ब्रँडिस म्हणजे इंग्रज सरकारचा जर्मन वनाधिकारी. वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय, कंटाळा आला तर पुढे सरका. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली आणि मग रुळाखालच्या स्लीपरसाठी साग, साल, देवदार आडवे व्हायला लागले, एका मैलाला पावणेदोन-दोन हजार स्लीपर. आधी ठेकेदारांकरवी डोंगर बोडके केले, मग लाकूड संपतंय म्हणून पोटात गोळा आला आणि १८६४ ला वनखातं काढून ब्रँडिसच्या हाती दिलं. १८७८ च्या वन कायद्याने तर गावाचा जो हक्क होता त्याची 'सवलत' करून टाकली. माझी पणजी ठाणे जिल्ह्यातली, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, टहाळ तोडताना सापडली की गार्ड कोयता काढून घ्यायचा आणि तो सोडवायला कोंबडी द्यावी लागायची. यांचं जंगल वाचलं ते असं!

पेन्शनर_रेंजर: पोस्ट माझी आहे, नाव घ्यायला जीभ झडत नाही. ३१ वर्षं रानात काढलीत मी, पणजीच्या गोष्टीवर इतिहास लिहीत नाही. ब्रँडिस बॉनला वनस्पतीशास्त्र शिकवायचा, १८५६ ला ब्रह्मदेशात पेगूच्या सागाच्या रानात आला. हत्तीवर बसून डाव्या हातात काड्या, उजव्या हातात चाकू, साग दिसला की घेराप्रमाणे त्या त्या काडीवर खाच. रान मोजायचं आणि वाढेल तेवढंच तोडायचं, हे आधी कोणी केलं होतं?

घाटमाथा: कोणी केलं होतं म्हणजे? शिवाजी महाराजांनी! आंबा-फणसाला हात लावायचा नाही असा हुकूमच होता.

पेन्शनर_रेंजर: आला व्हॉट्सॲप! ते आज्ञापत्रातलं आहे, रामचंद्रपंत अमात्यांचं, महाराजांना जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावरचं.

घाटमाथा: धोरण महाराजांचंच होतं ना, पंतांनी फक्त लिहून काढलं. आणि त्यात कारणही दिलंय, ही झाडं रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात म्हणून. तुमच्या १८७८ च्या कायद्यात रयत कुठाय?

तिरफळ: तुम्ही दोघं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात भांडत बसा, मला उंदीरमारीबद्दल, म्हणजे ग्लिरिसिडियाबद्दल, बोलायचंय. आमच्या मागच्या टेकडीवर करवंद होती, आवळा होता, हेकळ होती. मी शाळेत असताना कुठलीशी संस्था आली, फोटो काढले आणि सगळीकडे ग्लिरिसिडिया रोवून गेली. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, नुसती फांदी खोचली तरी फुटतं. आता फेब्रुवारीत गुलाबी फुलं येतात आणि लोक रील काढतात "आमच्याकडचा चेरी ब्लॉसम" म्हणून!! खाली धड गवत नाही, गुरं तोंड लावत नाहीत.

पेन्शनर_रेंजर: गुरं तोंड लावत नाहीत म्हणूनच लावतात हो! मुरमाड उतारावर मी स्वतः वेगवेगळी देशी रोपं लावली, उन्हाळ्यात अर्धी वाळली, उरलेली शेळ्यांनी खाल्ली. आणि उंदीरमारीचा पाला कोकणात भाताच्या चिखलात खत म्हणून तुडवतात, नत्र मिळतं.

तिरफळ: मग शेताच्या बांधावर लावा की, टेकडी कशाला मारता? रांगेत एकच झाड उभं करायचं आणि त्याला जंगल म्हणायचं, ही तुमच्या ब्रँडिसचीच शिकवण.

पेन्शनर_रेंजर: चूक! रांगेतला साग ब्रँडिसच्या आधीचा आहे, १८४० च्या दशकात केरळात निलंबूरला मलबारचा कलेक्टर कॉनोली याने लावला, आणि प्रत्यक्ष मेहनत त्याच्या हाताखालच्या चातू मेननची. उलट ब्रँडिस देवराया बघून खूश झाला होता, लिहिलंय त्याने.

डोंगरवाट: वा, म्हणजे आमच्याच देवरायांचं सर्टिफिकेट आम्ही जर्मन माणसाकडून घ्यायचं. आणि तुमचा ब्रँडिस पहिलाही नव्हता, आपल्या मुंबई इलाख्यात गिब्सन १८४७ पासून कॉन्झर्व्हेटर, म्हणजे वनसंरक्षक, होता, दापोडीच्या बागेवरचा. कोकणात झाडं तुटली की झरे आटतात हे तो तेव्हाच सरकारला सांगत होता.

पेन्शनर_रेंजर: गिब्सन माहितीये मला. बरं, एक मान्य करतो, लगेच हुरळून जाऊ नका. ब्रँडिसला गावासाठी वेगळं रान ठेवायचं होतं, सगळं सरकारचंच हे बेडन-पॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याचं म्हणणं आणि कायद्यात मुख्यतः तेच उतरलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हा विरोधही केला होता. ग्रामवन कायद्यात राहिलं, पण कागदावर.

डोंगरवाट: कागदावर राहिलं म्हणूनच १९३० ला जंगल सत्याग्रहात रायगडच्या चिरनेरला लोक कोयते घेऊन अक्कादेवीच्या रानात गेले आणि गोळ्या खाल्ल्या. हे तुमच्या पोस्टमध्ये नव्हतं. आणि गावाला दिलं की चुलीत जातं म्हणता, तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला जाऊन या. २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाला, १८०० हेक्टरच्या आसपास, बांबू ग्रामसभा विकते आणि रान उभं आहे.

पेन्शनर_रेंजर: जाऊन आलोय, तुमच्या आधी. एक मेंढा-लेखा झालं म्हणून प्रत्येक गाव तसं होत नाही. माझ्या बीटमध्ये गावातल्याच पुढाऱ्याचा ट्रक रात्री दोनला पकडला होता, महिन्याभरात माझीच बदली झाली.

डोंगरवाट: म्हणजे लाकूड पुढारी नेणार आणि 'लोकांनी चुलीत घातलं' म्हणून नाव आमच्या पणजीचं.

पेन्शनर_रेंजर: ...पोस्टमधला चुलीचा शब्द मागे घेतो. तेवढाच. ब्रँडिस राहणार.

तिरफळ: ब्रँडिस ठेवा नाहीतर फ्रेम करून लावा, उंदीरमारी कोण काढणार ते सांगा. मी स्वतः कुऱ्हाड घेऊन गेले तर मलाच दंड होईल ना?

पेन्शनर_रेंजर: होईल. आणि नुसती तोडलीत तर पावसाळ्यात दुप्पट फुटेल, बुंध्यासकट खणायला लागते. शनिवारी मोकळा आहे, टेकडी कोणाच्या मालकीची ते आधी सातबाऱ्यावर बघून ठेवा.