मदत हवी आहे: आबालाल रहिमान यांचं (बहुतेक) जलरंगातलं निसर्गचित्र काचेला चिकटलंय

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात एक जलरंगातलं निसर्गचित्र आहे, साधारण १५ बाय ११ इंच. कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याचा काठ, संध्याकाळची वेळ. पणजोबा कोल्हापुरात शिक्षक होते आणि खुद्द आबालाल रहिमान यांनी त्यांना हे दिलं, असं आजी सांगायची. आता आजी नाही, कागदोपत्री पुरावा नाही. सहीही दिसत नाही, माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) दडली असेल तर असेल.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: आबालाल मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार होते, कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी तो परिसर रंगवला. १९३१ साली गेले. कोल्हापूरच्या निसर्गचित्रांबद्दल बोलताना आजही सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

चित्रात पाणी असं रंगवलेलंच नाही. कागद तसाच कोरा सोडलाय आणि त्यावर झाडांच्या सावलीचे तीन-चार पातळ हात फिरवलेत. काठावर दोन बायका आहेत, दोघी मिळून ब्रशचे पाच फटकारे असतील नसतील. तरी एकीच्या कमरेवर घागर आहे हे कळतं! लहानपणी मी ते फटकारे मोजायचे.

आता अडचण. आम्ही चिपळूणला राहतो. २२ जुलै २०२१च्या पुरात खालचा मजला पाण्यात गेला. चित्र माडीवर होतं म्हणून वाचलं, पण भिंतींची ओल कित्येक महिने हटली नाही. आता आभाळावर तपकिरी ठिपके आलेत, मागच्या हार्डबोर्डला बुरशी आहे, आणि वरचा डावा कोपरा थेट काचेला चिकटलाय. एका फ्रेमवाल्याला घरी बोलावलं. त्याने मागची पाठ उघडली, माउंटची मोकळी बाजू वर केली आणि थुंकी लावलेलं बोट थेट आभाळाकडे नेलं. "डाग जातात ताई, बघा." मी ओरडलेच. तशीच फ्रेम बंद करून ठेवलीये.

नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकायची चूक केली, तेव्हापासून सगळे किंमतच विचारतायत. विकायचं नाहीये. कोपरा कसा सोडवायचा, आणि हात खरंच आबालालांचा आहे का हे कोण सांगेल, एवढंच हवंय. पावसाळ्याआधी काहीतरी करायला हवं.

प्रतिसाद

ताई, कोपरा अजिबात ओढू नका. ओला कापूस, वाफ, हेअर ड्रायर, काहीही नको. जलरंग पाण्यात पुन्हा सुटतो आणि रंगाचा थर काचेवर राहतो. काचेसकट कागद-संवर्धकाकडेच न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे आधी फोटो पाठवून विचारा. तोवर बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. कपाटात आडवं, काच खाली करून ठेवा, म्हणजे कागदाचा भार त्या कोपऱ्यावर ओढ देणार नाही. नवी फ्रेम कराल तेव्हा माउंट आम्लमुक्त घ्या आणि काच व कागद यांत अंतर राहील असं बघा.

हाताबद्दल बोलायचं तर आजीच्या आठवणीवर भिस्त ठेवू नका, राग मानू नका. थोरांची चित्रं नकलून शिकायची आपल्याकडे रीतच होती, त्यामुळे जुनं आणि चांगलं म्हणजे त्यांचंच असं होत नाही. एक सोपी चाचणी घरी करता येईल. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च घ्या, खोलीत पूर्ण अंधार करा. कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत, आणि ती कागदात साधारण १९५०च्या आसपास येऊ लागली. म्हणजे विषय संपला. नाही झगमगला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, फक्त शक्यता उरते. संवर्धक माउंट काढतील तेव्हा कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण) बघायला सांगा. व्हॉटमन या इंग्रजी चित्रकागदावर पुष्कळदा सालही असतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. टॉर्च दोनशे रुपयांत मिळाला. काल रात्री आई आणि मी माडीवर दिवे घालवून बसलो. काचेतून नीट कळेना म्हणून मागून, फ्रेमवाल्याने उघडलेल्या बाजूने मारला. माउंट असा झगमगला की आई दचकली (तो बाबांनी १९८०च्या सुमारास बदलला होता). चित्राचा कागद मात्र काळपट, मंदच राहिला. आई म्हणाली, "म्हणजे त्यांचंच ना?" मी म्हटलं, "म्हणजे नाही असं नाही." तिला हे उत्तर मुळीच पटलेलं नाही.

मुंबईला फोटो पाठवलेत. आता एकच विचारायचंय: न्यायचं झालं तर मांडवी एक्स्प्रेसने, का गाडी करून? खोकं सगळा वेळ आडवं ठेवायचंय आणि घाटात गाडी फार आपटते.